सूर्य उशिरा मावळणाऱ्या देशाची वाट

दिवाळीचे वहीपूजन आटोपून आठ-दहा दिवस झाले असतील. पुतण्याने दुकानाच्या माडीवरील गादीवर नॉर्वेचा मोठा नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर कापडाचे चार ठाण ठेवले. पश्चिम किनारा पाहून बाबूजी म्हणाले, "हे काय, कसरीने खाल्लेले कापड?" उपमा अगदी चपखल होती. समुद्र जमिनीत शेकडो ठिकाणी आत शिरलेला आणि प्रत्येक शिरकावाच्या दोन्ही काठांना उभे डोंगर. या खाड्यांनाच तिकडे फ्योर्ड म्हणतात. आपल्या कोकणातील खाड्यांशी त्यांचे नाते केवळ नावापुरते आहे. हिमयुगात हिमनद्यांनी या दऱ्या समुद्रसपाटीच्याही पुष्कळ खाली कोरून काढल्या आणि बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र भरला. सोग्नेफ्योर्ड 200 किलोमीटरहून अधिक आत जातो. त्याची कमाल खोली 1,300 मीटर आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतील बहुतेक शिखरे त्यात सहज बुडतील.

या देशात मोटारसायकलने फिरावे, ही इच्छा माझ्या मनात पंचवीस वर्षांपासून होती. व्यापारात पडलेल्या माणसाच्या अशा इच्छा 'येणे बाकी'च्या खात्यात पडून राहतात. यंदा पुतण्याने वसुलीचा तगादा लावला आणि आम्ही दोघांनी गंभीरपणे हिशोब मांडायला घेतला. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा बेत शिजत असेल, तर आमचे हे टिपण त्यांच्या उपयोगी पडावे.

पहिला प्रश्न तिथीचा. नॉर्वेतील डोंगरी रस्ते हिवाळाभर बर्फाखाली बंद असतात. लोम आणि लुस्टर यांना जोडणारा सोग्नेफ्येल घाट 1,434 मीटर उंचीवर चढतो. उत्तर युरोपातील घाटरस्त्यांत तो सर्वांत उंच मानला जातो. तो सहसा मे महिन्यात उघडतो, तरी कडेला बर्फाच्या भिंती उभ्या असतात. आउरलांडवरचा डोंगरी रस्ता, ज्याला तिकडे 'बर्फाचा रस्ता' म्हणतात, साधारण जूनच्या सुरुवातीस मोकळा होतो. जुलैत तेथील लोकच सुट्टीवर निघतात, त्यामुळे बोटींना रांगा लागतात आणि मुक्कामाच्या जागा मिळेनाशा होतात. इकडे आपला चातुर्मास आषाढी पौर्णिमेच्या आसपास बसतो. ही पौर्णिमा कधी जुलैच्या आरंभी येते, तर अधिक मासामुळे कधी महिनाअखेरीस. चातुर्मासात दूरचा प्रवास करायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. शिवाय जूनचा पहिला पंधरवडा शाळेच्या गणवेशांचा. तेव्हा दुकान सोडून गेलो तर गिऱ्हाईक आणि भाऊ दोघेही क्षमा करणार नाहीत. सर्व बाजूंनी कापत कापत हाती उरले ते जूनच्या उत्तरार्धातील बारा दिवस. गंमत अशी की निसर्गाच्या दृष्टीनेही हेच दिवस उत्तम ठरले.

दुसरा प्रश्न बाबूजींनी विचारला आणि तो सोपा नव्हता. त्यांनी बारा व्रते घेतलेली आहेत. दिग्व्रतात त्यांची उत्तरेची सीमा हिमालय आहे, म्हणून ते येणार नाहीत हे उघडच होते. मात्र त्यांचा रोख दिशेवर नव्हता, प्रयोजनावर होता. "व्यापारासाठी जाता, यात्रेसाठी जाता, ते समजते. पण नुसते गाडी फिरवायला? हा अनर्थदंड नव्हे का?" उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोटारसायकलच्या काचेवर किती जीव आदळतात, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी काहीतरी उत्तर दिले, निसर्गाविषयी, पुतण्याच्या आणि माझ्या सहवासाविषयी. त्यांनी ऐकून घेतले, पण ते पटल्याचे दिसले नाही. मलाही ते पुरेसे वाटले नाही, हे येथे प्रांजळपणे लिहिले पाहिजे. एवढे मात्र झाले की त्या प्रश्नाने बेताला कात्री लागली. पुतण्याला उत्तर टोकापर्यंत, थेट नॉर्डकॅपपर्यंत जायचे होते. ऑस्लोहून तिकडे एका बाजूलाच सुमारे 2,000 किलोमीटर पडतात. ते रद्द झाले. दिवसाला 200 किलोमीटरची मर्यादा ठरली. त्याला अपवाद फक्त ऑस्लोहून निघण्याचा आणि परतण्याचा दिवस. संध्याकाळी सहानंतर चाक फिरवायचे नाही, हेही ठरले.

नॉर्डकॅप सोडण्याला आणखी एक कारण होते, आणि त्यावर घरात दोन रविवार चर्चा झाली. तेथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. मग चौविहार कोणत्या क्षणी घ्यायचा आणि देवसी प्रतिक्रमण केव्हा करायचे? फ्योर्डांच्या प्रदेशात सूर्य मावळतो, पण जूनमध्ये बर्गेनला तो रात्री 11 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास मावळतो आणि पहाटे 4 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास उगवतो. अक्षरशः पाहिले तर रात्री दहाला जेवूनही रात्रिभोजन घडत नाही आणि पहाटे पाचला नवकारसी येते. पुतण्याला हा हिशोब फारच आवडला. वहिनींनी तो एका वाक्यात मोडला: "सूर्य तिथला धरा, पण पोट इथलेच नेताय ना?" घड्याळी सातच्या आत जेवण, मग चौविहार, असे ठरले. उरलेल्या चार तासांच्या उजेडात बसून फक्त पाहायचे.

मार्ग असा आखला आहे. ऑस्लोला भाड्याची गाडी घेऊन गुडब्रान्सडालच्या खोऱ्यातून लोम गाठायचे. लोमला बाराव्या शतकातील लाकडी चर्च उभे आहे. त्याचे अणकुचीदार छप्पर चित्रातच पाहून घरातील मुलांनी ते 'ड्रॅगनचे घर' ठरवले. तेथून गेइरांगेर. या फ्योर्डाला नेरॉयफ्योर्डासह 2005 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्याच्या कड्यांवर, पाण्यापासून अडीचशे मीटर उंचीवर, जुनी ओसाड शेतघरे आहेत. स्कागेफ्लो नावाचे घर 1918 साली रिकामे झाले. कर वसूल करणारा आला की तेथील कुटुंब वर चढायची शिडी ओढून घेई, अशी दंतकथा सांगतात. ती ऐकून आमच्या मुनीमजींना जो आनंद झाला, तो वर्णन करण्याजोगा नाही.

गेइरांगेरपुढे मोटारसायकलवाल्यांचे तीर्थच म्हणावे असा ट्रोलस्टिगेन घाट येतो. 1936 साली खुला झालेला, अकरा तीव्र वळणांचा. आम्ही तो मुख्य मार्गात धरलेला नाही. 2024 च्या उन्हाळ्यात दरड कोसळल्यामुळे तो बंद करावा लागला आणि त्या हंगामात पुन्हा उघडला नाही. माळशेज किंवा वरंधा घाटात पावसाळ्यात जे होते, तेच तिकडे होते. फरक इतकाच की तेथे रस्ता बंद म्हणजे बंद. कडेने कोणी हळूच निघून जात नाही. उघडा असला तर त्याच्यासाठी एक मोकळा दिवस राखून ठेवला आहे. संपूर्ण सहल एका घाटावर टांगून ठेवणे म्हणजे सगळे भांडवल एकाच पेढीत घालणे होय. डोंगरी देशाचा बेत करणाऱ्याने दोन मोकळे दिवस खर्ची धरावेत, असे माझे ठाम मत आहे.

गेइरांगेरहून परत लोम, आणि तेथून सोग्नेफ्येल घाट उतरून सोग्नडाल. पुढे फ्योर्ड ओलांडायला बोट. गाड्या बोटीत पुढे लावतात, गिअरमध्ये ठेवतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर पट्ट्याने बांधतात. पलीकडे लेर्डाल. तेथून आउरलांडला जायला जगातील सर्वांत लांब रस्त्याचा बोगदा आहे, 24.5 किलोमीटरचा, 2000 साली खुला झालेला. चालकाला कंटाळा येऊ नये म्हणून त्यात अंतराअंतरावर निळ्या प्रकाशाची प्रशस्त दालने कोरली आहेत. अभियांत्रिकी म्हणून तो थोर असेल. पण इतक्या दूर जाऊन डोंगराच्या पोटातून का जावे? आम्ही वरून, त्या बर्फाच्या रस्त्याने जाणार. 1,300 मीटरवरून उतरताना स्टेगास्टाइन नावाचा लाकडी सज्जा फ्योर्डावर झेपावलेला आहे. पाऊस फारच असेल तर अर्थात बोगदा. चाळिशी ओलांडलेल्यांनी हेल्मेटला काळी काच लावून नॉर्वेत जाऊ नये. तिकडे हजाराहून अधिक बोगदे आहेत, काही अंधारे, ओले आणि वळणाचे.

मग बर्गेन. येथे मला दोन दिवस हवे आहेत आणि त्याचे कारण निसर्ग नव्हे. बंदरावर ब्रिगेन नावाची लाकडी घरांची रांग आहे. चौदाव्या शतकापासून तेथे हान्सा या जर्मन व्यापारी संघाची पेढी होती आणि ती 1754 पर्यंत चालली. उत्तरेकडील कोळ्यांकडून सुकवलेली मासळी घ्यायची आणि बदल्यात धान्य द्यायचे, हा तिचा धंदा. मासळीचा व्यापार आपल्याला रुचणार नाही, हे खरेच. परंतु तिची चालरीत वाचताना मला परकी वाटली नाही. उधारीवर माल, कर्ज पिढ्यान्‌पिढ्या खात्यावर, कोळी त्याच पेढीशी बांधलेला. मुनीम आणि उमेदवार सारे अविवाहित, एकाच छताखाली राहणारे. आगीच्या भीतीने या लाकडी घरांत शेकोटी निषिद्ध. स्वयंपाक आणि ऊब यांसाठी मागे वेगळ्या खोल्या. इतकी काळजी घेऊनही 1702 च्या आगीत सारे जळाले, आणि पुन्हा जुन्या पद्धतीनेच बांधले गेले. गावोगावी पेढ्या उघडून बसलेल्या आपल्या पूर्वजांनी यातील काय ओळखले असते आणि कशावर मान हलवली असती, याचा विचार मी तेथे बसून करणार आहे.

बर्गेनहून हार्डांगेर. तेथे फ्योर्डाच्या काठाने सफरचंद आणि चेरीच्या बागा आहेत. फळे जूनमध्ये हाती लागणार नाहीत, हे आमचे दुर्दैव. 182 मीटरचा व्होरिंगफॉस धबधबा पाहून हार्डांगेर पठारावरून ऑस्लोला परत. सगळे मिळून सुमारे 1,400 किलोमीटर.

आहाराचा प्रश्न जितका कठीण वाटला होता तितका नाही, मात्र सावधगिरीशिवाय सुटतही नाही. तेथील जेवण बटाट्यावर उभे आहे. त्यांची पातळ पोळीसुद्धा पुष्कळदा बटाट्याची असते. प्रसिद्ध तपकिरी चीज चीज करताना उरलेल्या निवळीपासून आटवतात. दूध फाडण्यासाठी प्राणिज रेनेट वापरले होते की नाही हे कळत नसेल, तर ते सोडून द्यावे. दह्याच्या डब्यावर जिलेटिनचा उल्लेख शोधावा. घरून नेताना ध्यानात ठेवा: युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणून तूप, पेढे, दुधाची पावडर यांना रजा. खाखरे, मुगाची डाळ, तांदूळ, पोहे, सुकी चटणी आणि मसाला एवढे बरोबर घेणार. मुक्कामासाठी हॉटेलऐवजी तळांवरील लाकडी खोल्या धरल्या आहेत. बहुतेकींत छोटी शेगडी असते, आणि खर्चही निम्म्यावर येतो. तंबू नेणाऱ्यांना 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात उतरण्याची मुभा आहे. वस्तीच्या घरापासून 150 मीटर दूर आणि एका जागी दोन रात्रींपर्यंत.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो, मुदत एक वर्ष. मोटारसायकलला तिकडे बहुतेक ठिकाणी टोल नाही. वेगाचा दंड मात्र असा की एका चुकीत टोलची सगळी बचत बुडावी. गावाबाहेर साधारण मर्यादा 80 ची.

माझी खरी भीती उजव्या बाजूची आहे. आयुष्यभर डावीकडून चालवलेला माणूस भर रहदारीत सहसा चुकत नाही. तो चुकतो रिकाम्या रस्त्यावर, चहा पिऊन पुन्हा निघताना. म्हणून डाव्या आरशावर लाल पट्टी चिकटवायची आणि निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचे, असे ठरले आहे. पुतण्याला हे हास्यास्पद वाटते. "काकाजी, लोक काय म्हणतील?" तेथील लोकांना मराठी येत नाही, असे मी त्याला सांगितले. गेल्या दोन महिन्यांत भरलेल्या सामानासह ताम्हिणी घाट चार वेळा चढउतार करून झाला. ओल्या लोखंडी जाळ्यांची धास्ती अजून आहे. मेंढ्यांनी ओलांडू नये म्हणून तिकडे डोंगरी रस्त्यांवर त्या आडव्या टाकलेल्या असतात.

पोशाख चामड्याचा नको, हे सांगायला नको. जाड कापडी जाकीट आणि विजार, आत कोपर-गुडघ्यांना संरक्षक पट्टे, असे चांगले मिळाले. बूटही कृत्रिम मिळाले. अडले ते हातमोज्यांपाशी: वर कापड, पण तळव्याला चामडे. पाच दुकाने पाहून झाली.

बाबूजींनी मध्यंतरी एक जुनी रोजमेळाची वही काढून तिच्यात आमच्या बारा मुक्कामांचे रकाने आखले आहेत. प्रत्येकापुढे तेथील सूर्योदय, सूर्यास्त आणि साडेतीन तास मिळवून आपली वेळ. बर्गेनपुढे लिहिले आहे: मावळती 11.10, आपले पहाटेचे 2.40. आमचा फोन रोज तिकडच्या दुपारी तीनला यायचा, म्हणजे येथे साडेसहा, त्यांचे प्रतिक्रमण सुरू होण्यापूर्वी. शेवटच्या रकान्याखाली त्यांनी पेन्सिलीने 'हातमोजे, कापडी' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे. मंगळवारी मुंबईला मालाच्या खरेदीस जायचे आहे, तेव्हा तेथे पाहीन.