एका ओरखड्याचा हिशेब

सांगलीच्या हळदपेठेत आप्पांची अडत तीन पिढ्यांची. पेढीमागच्या वखारीत पोत्यांच्या आडोशाला एका भटक्या मांजरीने पिले घातली, तेव्हा आप्पांनी हमालांना ती थप्पी हलवू दिली नाही. रोज सकाळी मंदिरातून परतल्यावर तिच्यापुढे दुधाची वाटी ठेवणे हा त्यांचा नेमच झाला. दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी त्यांचा दहा वर्षांचा नातू वखारीत गेला आणि त्याने एक पिलू उचलले. मांजरीने झेप घेऊन त्याच्या मनगटावर पंजा मारला. मुलाने हात झटकला, बाही खाली ओढली आणि घरी अवाक्षर काढले नाही. सांगितले तर मांजरीला पिलांसह हाकलून देतील, ही त्याची भीती होती.

तिसऱ्या दिवशी स्नानाच्या वेळी सूनबाईंना ती रेघ दिसली. जेमतेम दोन इंच, फिकट तांबूस, जवळजवळ सुकलेली. मुलगा म्हणाला, “रक्त नाही आलं.” आप्पांनी निरखून पाहिले आणि सवयीने म्हणाले, “हळद लाव. साधी नखाची ओढ आहे. मांजर आहे ते, पिसाळलेलं कुत्रं नव्हे.”

ज्या घराचा संसार हळदीवर उभा राहिला, त्या घरात हळदीला नाही म्हणणे सोपे नव्हते. सूनबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “आप्पा, हळद, चुना, तिखट काहीच लावायचं नसतं. आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. दोन दिवस उलटले असले तरी धुवायचंच.” आणि त्यांनी मुलाचा हात नळाखाली धरला.

आप्पा बाहेर ओसरीवर बसले. पण त्यांचे मन साठ वर्षे मागे गेले होते. त्यांच्या लहानपणी पेढीवरच्या एका हमालाला कुत्र्याचे पिलू चावले होते. जखम किरकोळ. कोणी चुना लावला, कोणी मंत्र घातला. त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस मिळे आणि तिची चौदा इंजेक्शने पोटात घ्यावी लागत. हमाल सुयांना भ्याला, आणि आप्पांच्या वडिलांनीही हिंसेची लस म्हणून आग्रह धरला नाही. अडीच महिन्यांनी त्याला पाण्याचा घोट गिळवेना, वाऱ्याची झुळूक सोसवेना. चौथ्या दिवशी तो गेला. आप्पांच्या वडिलांनी त्यानंतर आयुष्यभर त्याच्या घरी धान्य पोचवले. कारण मात्र कधी कोणाला सांगितले नाही.

तासाभरात आप्पा स्वतःच नातवाला घेऊन शासकीय रुग्णालयात निघाले. तरुण डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. कातडी फाटली का? रक्त आले का? प्राणी आता कोठे आहे? मांजरी कालपासून दिसली नव्हती. पिले तोंडात धरून ती कोठेतरी निघून गेली होती.

डॉक्टर म्हणाले, “अखंड कातडीला नुसता स्पर्श झाला, तर लस लागत नाही. रक्त न येता खरचटलं, तर लस लागते. रक्त आलं, तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात. कारण लसीचं संरक्षण शरीरात तयार व्हायला दिवस लागतात.” आप्पांनी विचारले, “पण विष तर लाळेत असतं ना? हे नखाचं आहे.” डॉक्टर हसले. “मांजर दिवसभर पंजे चाटते, आजोबा. चाव्यापेक्षा धोका कमी, पण शून्य नाही.”

“रक्त आलं होतं का, बाळ?” डॉक्टरांनी पुन्हा विचारले. मुलगा खाली पाहत राहिला. त्या दिवशी सकाळीच मंदिरात उत्तम आर्जवावर प्रवचन झाले होते. मनात एक आणि मुखी दुसरे असू नये, असे त्यानेही ऐकले होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “थोडंसं आलं होतं. मी शर्टाला पुसलं.” त्या एका वाक्याने उपचाराचा वर्गच बदलला.

सुई घेण्यापूर्वी आप्पांनी संकोचून आपली शंका विचारली. डॉक्टरांनी सांगितले की मेंढीच्या मेंदूची लस देशात केव्हाच बंद झाली; आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. प्रतिपिंडे घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढतात. त्यासाठी घोड्याला मारत नाहीत. आप्पांनी मान हलवली. जखमेभोवती प्रतिपिंडे टोचताना मुलगा कळवळला. आप्पांनी त्याचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता. लसीच्या पुढील मात्रा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ठरल्या.

अनंत चतुर्दशीला आप्पांचा उपवास होता. त्याच दिवशी तिसरी मात्रा झाली. क्षमावणीला मुलगा पाया पडून म्हणाला, “आजोबा, खोटं बोललो.” आप्पांनी त्याच्यापुढेच हात जोडले. “मांजरीसाठी तुला आमचीच भीती वाटली, ही चूक आमची.”

आणखी चार दिवसांनी मांजरी वखारीच्या दारात हजर झाली, ठणठणीत. डॉक्टरांना कळवले तेव्हा ते म्हणाले, “ओरखडल्यानंतर दहा दिवस प्राणी निरोगी राहिला, तर त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असं मानतात. धोका टळला.” सुनेने सहज विचारले, “मग एवढ्या सुया वाया गेल्या म्हणायच्या?”

आप्पा वहीतून वर न पाहताच म्हणाले, “ट्रक सुखरूप पोचला म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असं आपण कधी म्हटलंय? मांजरी परतेल की नाही, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होतं? हा रोग एकदा दिसू लागला की त्यावर उतारा नाही. जिथे नुकसान भरून निघत नाही, तिथे वाट पाहण्याचा व्यवहार करायचा नसतो.”

त्या महिन्यात पेढीच्या जीवदया खात्यात दुधाच्या खर्चाखाली एक नवी रक्कम पडली : मांजरी व पिले, लसीकरण. पुढच्या ओळीत गल्लीतल्या पाच कुत्र्यांचाही खर्च होता. दुधाची वाटी पूर्वीप्रमाणेच वखारीत ठेवली जाते. फक्त आता ती ठेवताना नातू आप्पांसोबत असतो, आणि पिलांना हात लावत नाही.