धोडप उजव्या हाताला ठेवून

पिंपळगाव बसवंत म्हटले की लोकांना मुंबई-आग्रा महामार्ग आठवतो, नाहीतर टोमॅटो. महामार्गाने भरधाव जाणाऱ्याला गावाच्या उत्तरेला काय आहे, याचा पत्ताही लागत नाही. उत्तरेला सातमाळ्याची डोंगररांग आहे. जोपूळ रस्त्याला लागून बाजार समितीचे आवार मागे टाकले की ती रांग आडवी पसरलेली दिसते आणि तिच्यात धोडप लगेच ओळखू येतो: पावणेपाच हजार फुटांच्या आसपास उंची, माथ्याजवळ कातळाची उभी भिंत आणि त्या भिंतीला मध्येच पडलेली खाच. ही खाच एकदा डोळ्यांत बसली की दिवसभर दिशा विचारावी लागत नाही. आमचा बेतही तसाच होता. धोडप उजव्या हाताला ठेवायचा आणि त्याला सायकलने पुरता वळसा घालायचा. पिंपळगाव, वणी, मुळाणे बारी, कळवण, देवळा, भावडबारी, सोग्रस आणि परत पिंपळगाव. सव्वाशे किलोमीटरच्या घरातला रस्ता, त्यात सातमाळा दोनदा ओलांडायचा.

जानेवारीतली पहाट. निफाड तालुक्यातली थंडी वर्तमानपत्रात दरवर्षी येते, पण सायकलच्या हँडलवर ती बोटांना कळते. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. एका बागेच्या कडेला हात शेकायला थांबलो. आत मांडवाखाली बायका घडांना कागद लावत होत्या. एक कागद घडाभोवती गुंडाळायचा, वरच्या बाजूला देठाशी पिन मारायची, पुढच्या घडाकडे सरकायचे. पहाटेची थंडी आणि दुपारचे ऊन यांतली तफावत वाढली की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते आणि निर्यातीचा माल बाद होतो. त्यासाठी हा खटाटोप. कागद लावणाऱ्या मावशी सुरगाण्याच्या होत्या, हंगामापुरत्या इकडे आलेल्या.

"एवढ्या गारठ्यात कुठं निघालात दादा?"

"बारी चढून कळवणला."

"मग आमच्याच बाजूला की," म्हणाल्या आणि शेकोटीत दोन काटक्या सारून परत कामाला लागल्या.

या हिरव्या पट्ट्याचे मूळ डाव्या हाताच्या कादवेच्या खोऱ्यात आहे. कादवेवर करंजवण आणि पालखेड, कोळवणवर वाघाड, उनंदेवर ओझरखेड, पाराशरीवर तिसगाव. एवढ्याशा टापूत इतकी धरणे. पण धरण बांधले म्हणजे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचतेच असे नाही. वाघाडच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचे, वाटप आपण करायचे, पट्टी आपण गोळा करायची. पुढे अख्ख्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. मला या भागातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, द्राक्षांच्या कंटेनरपेक्षाही मोठी.

वणीला चहा, मिसळ आणि लगेच कळवणचा रस्ता. इथून रहदारी विरळ होते. बाबापूर मागे पडले की रस्ता डोंगराच्या अंगावर येतो. डावीकडे मार्कंड्या, उजवीकडे रवळ्या-जवळ्या, आणि मधल्या खिंडीतून मुळाणे बारी. घाट लांबलचक नाही, पण चढ अंगावर घेणारा आहे. गियर उतरवत उतरवत शेवटच्या दातावर आणले की श्वास आणि पायडल यांचा मेळ बसतो आणि मग आजूबाजूचे दिसू लागते: कातळात तग धरून राहिलेली साबर, वाळलेले सोनेरी गवत, वर घिरट्या घालणारी घार. कांद्याची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागून आला, तोही आमच्याच वेगाने चढत होता. चालकाने ट्रॉलीच्या साखळीकडे बोट दाखवून धरायची खूण केली. आम्ही हात जोडले. चढ आपल्या पायांनीच चढायचा होता.

खिंडीत पोहोचलो की थांबायचेच. पाणी पिण्यासाठी तर खरेच, पण त्याहून जास्त उभे राहून बघण्यासाठी. मागच्या उताराचा थेंब कादवेला मिळतो, कादवा नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीत जाते आणि तो थेंब बंगालच्या उपसागराला पोहोचतो. पुढच्या उताराचा थेंब गिरणेला, गिरणेतून तापीला आणि तिथून अरबी समुद्राला. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक म्हणून एक रेघ असते. गाडीतून ती रेघ कधी गेली ते समजत नाही. सायकलवर मात्र ती मांड्यांना नेमकी सापडते: इथपर्यंत जोर लावला, इथून पुढे ब्रेक. घाट चढण्याची माझी सगळी हौस या एका जागेसाठी आहे.

उतार झरझर संपतो. रवळ्या-जवळ्याच्या आडून धोडप पुन्हा वर येतो, आता त्याची उत्तरेची बाजू. गिरणेच्या खोऱ्यात शिरल्यावर द्राक्षे मागे पडतात आणि कांदा सुरू होतो. ओल्या चिखलात रोपे टोचणाऱ्या बायकांच्या रांगा, बांधावर रिकाम्या कांदाचाळी, उन्हाळ कांद्याची वाट बघणाऱ्या. बोलण्यात अहिराणीचा सूर येतो. या भागाला पाणी वाटून घेण्याची रीत नवी नाही. गिरणेच्या उपनद्यांवर, मोसम आणि आरमच्या काठी, शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली: नदीवर बंधारा, त्यातून पाट, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक आणि पाणी सोडायला सगळ्यांनी नेमलेला पाटकरी. सकाळी ओझरची आठवण निघाली होती, दुपारी फडाची. डोंगराच्या दोन अंगांना, कित्येक पिढ्यांच्या अंतराने, शेतकरी एकाच उत्तरापाशी आलेले.

कळवणला बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि कच्चा कांदा. देवळ्यापर्यंतचा रस्ता सपाट आणि पायांना सोपा. चैत्रात खानदेशातले भाविक सप्तशृंगगडाकडे पायी जातात, तेव्हा इथल्या रस्त्यांवर जागोजागी पाण्याचे मांडव उभे राहतात. रुंदीकरणातून वाचलेली कडुनिंबाची आणि चिंचेची झाडे अजून कुठे कुठे रस्त्यावर सावली धरून आहेत. ती राहायला हवीत. पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला रस्त्याच्या रुंदीपेक्षा तीच जास्त लागतात.

भावडबारी दुपारी उत्तरेकडून चढायची असते. हिवाळ्यात त्या अंगाला ऊन तिरपे येते आणि चढ सुसह्य होतो. वळणे मुळाण्यापेक्षा मोकळी, वाहने मात्र जास्त, म्हणून पांढऱ्या पट्टीच्या आतच राहावे. बारीच्या पश्चिमेला कांचना किल्ला. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परतत होते, तेव्हा दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेशी त्यांची कांचनबारीजवळ उघड्या मैदानावर लढाई झाली आणि ती मराठ्यांनी जिंकली. सुरतेचा ऐवज लादलेली जनावरे घेऊन याच रांगेतून वाट काढायची आणि पाठीवर शत्रू. ते ओझे काय असेल, हे रिकाम्या कॅरियरनिशी चढतानाही थोडे उमजते. धोडपनेही असे दिवस पाहिले. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव केला तो त्याच्याच पायथ्याशी.

सोग्रसला महामार्ग लागतो. हा तुकडा टाळता येत नाही, तो कडेकडेने, दिवे लावून, न बोलता काढायचा. जमेल तिथे वडनेर भैरवकडे वळून आतल्या रस्त्याने यावे. तिथून शिरवाडे वणी, कुसुमाग्रजांचे शिरवाडे, आणि मग पिंपळगाव. पोहोचलो तेव्हा बाजार समितीच्या फाटकाबाहेर दुसऱ्या दिवशीच्या लिलावासाठी लाल कांद्याच्या ट्रॉल्या लागायला सुरुवात झाली होती.

आता कादवेच्या काठाने खाली निफाडकडे जायचे ठरते आहे, थेट नांदूरमध्यमेश्वरपर्यंत, जिथे ती गोदावरीला मिळते. २०२० मध्ये रामसर यादीत जाहीर झालेले ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. रस्ता सपाट आहे, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत तिकडे परदेशी बदके असतात.