पडण्याची किंमत

आइस डान्समध्ये जोडीतला एक जण पडला तर एक गुण कापतात, दोघंही पडले तर दोन. फ्री डान्सला, म्हणजे चार मिनिटांच्या मुख्य नाचाला, अव्वल जोड्या एकशे तीसच्या पुढे जातात, तिथे हा एक गुण प्रेक्षकांना चेष्टा वाटतो. कॅनडातल्या स्थानिक स्पर्धांत मी परीक्षक म्हणून बसते आणि ‘पडूनही पदक कसं?’ हा प्रश्न मला दर हंगामात ऐकू येतो.

प्रश्न जुना आहे. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये इटलीचे फ्युझार-पोली आणि मार्गाल्यो फ्री डान्समध्ये पडले, तरी ब्राँझ त्यांनाच मिळालं. कॅनडाचे बोर्न आणि क्रॅट्झ शेवटी पडले, ते चौथे आले. लिथुआनियाचे द्रोबियाझ्को आणि वानागास न पडता नाचले आणि पाचवे राहिले. लिथुआनियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली. तेव्हा सहापैकी गुण देऊन परीक्षक खरं तर फक्त क्रम लावत, आणि आइस डान्समधला क्रम एकदा बसला की सहसा हलत नसे.

2004 मध्ये नवी गुणपद्धती आली. ट्विझलचं उदाहरण घ्या. एका पायावर, बर्फावरून पुढे सरकत घेतलेल्या सलग गिरक्या, दोघांच्या एकाच वेळी. तिसऱ्या गिरकीला एकाचा मोकळा पाय बर्फाला टेकला, तर बाहेर बसलेल्याला तो दिसतही नाही. तांत्रिक पॅनेल मात्र त्या ट्विझलची लेव्हल, म्हणजे काठिण्याची पातळी, खाली आणतं, आणि शिवाय नऊ परीक्षक त्या घटकाला उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर तोलतात. पडलं तर या दोन्हीकडे मार बसतो, वजावटीचा एक गुण त्यावर वेगळा. त्यामुळे पडण्याची शिक्षा कमी आहे असं मला वाटत नाही.

मला खटकतात ते सादरीकरणाचे गुण. रचना, प्रस्तुती आणि स्केटिंगचं कौशल्य, प्रत्येकी दहापैकी, पाव गुणाच्या पायरीने. फ्री डान्समध्ये त्यांची दुप्पट होते. परीक्षकांनी तिन्ही ठिकाणी फक्त पाव-पाव गुण सैल सोडला, तर दीड गुण जोडीच्या पदरात पडतो. पडण्याची वजावट तिथेच भरून निघते, वर अर्धा गुण उरतो. एवढ्याने पदकाचा रंग बदलू शकतो: 2018 च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये कॅनडाचे व्हर्च्यू-मॉयर एकूण 206.07 आणि फ्रान्सचे पापादाकिस-सिझरों 205.28 वर थांबले होते. सुवर्ण आणि रौप्य यांत जेमतेम 0.79 चं अंतर.

परीक्षक लबाड असतात असं मी म्हणत नाही. चार मिनिटांत प्रत्येक लिफ्ट तोलायची आणि त्याच डोळ्यांनी संपूर्ण नृत्यही पाहायचं, तेव्हा नावाजलेल्या जोडीबद्दल मनात आधीच असलेला आकडा हळूच बोटांत उतरतो. म्हणून ही दोन कामं वेगवेगळ्या परीक्षकांकडे द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. ते होईपर्यंत निकालपत्रक हाती आलं की वजावटीच्या रकान्यावर थांबू नका. जोडी जिथे चुकली त्या फ्री डान्सचे सादरीकरणाचे गुण आणि तिच्याच आधीच्या, न चुकलेल्या फ्री डान्सचे गुण शेजारी ठेवून पाहा.