दोष उन्हाचा नव्हे

अल खर्जमध्ये जुनी गाडी तापली की आरोपी आधीच ठरलेला असतो: ऊन. रियाधच्या आग्नेयेला सुमारे 80 किलोमीटरवरच्या या शहरात जुलैत पारा 45 अंश ओलांडतो, बॉनेटला हात लावता येत नाही, खजुरीच्या सावलीतही डोळे दिपतात. आरोप सोयीचा आहे, कारण उन्हाला दुरुस्तीचा खर्च नाही. पण त्याच दुपारी, त्याच रस्त्यावर, एसी लावून कितीतरी गाड्या बिनबोभाट धावत असतात. पाण्याची गोष्टही अशीच: इथल्या खोल नैसर्गिक विवरांत एकेकाळी भरपूर पाणी होतं. गेल्या शतकात त्यांवर पंप बसले, शेती फुलली आणि विवरं कोरडी पडली. ऊन आधीही होतंच. पाणी संपवलं ते उपशानं. गाडीच्या पोटातही असाच उपसा शोधावा लागतो.

मग उन्हाचा वाटा शून्य म्हणायचा का? नाही, आणि तो मोजताही येतो. इंजिनातलं पाणी 90 अंशांवर नि बाहेरची हवा 25 वर असेल, तर उष्णता टाकायला 65 अंशांचा फरक मिळतो. हवा 45 वर गेली की 45 अंशच उरतात. म्हणजे रेडिएटरची ताकद जवळपास 30 टक्क्यांनी घटली. नव्या गाडीत एवढी शिल्लक ठेवलेली असते. जुनीत ती कुणीतरी आधीच खाल्लेली असते. कुणी, हे गाडी केव्हा तापते त्यावरून कळतं. सिग्नलला काटा चढतो आणि हमरस्त्यावर वेग घेताच उतरतो, तर संशय पंख्यावर किंवा त्याच्या क्लचवर. वेगात तापते, तर हवा भरपूर आहे, पाणीच नीट फिरत नाही: बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील. खाली थेंब नाही तरी पाणी घटतं, तर गार इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सुरू करावं. बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी. झाकण मात्र कुणी मोजतच नाही. कूलंट आणि पाण्याचं निम्मेनिम्मे मिश्रण एरवी 107 अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाने धरलेल्या दाबाखाली 125 च्या पुढे. रबर कडक झालं की ही सवलत गेली.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, इथे थंडी कुठे आहे?’ असा सल्ला हमखास मिळतो. थर्मोस्टॅट अडकलेला असेल तर त्या दिवसापुरतं काम भागेलही. पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट तापल्यावर बायपासची वाटही बंद करतो. तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच परत जातं, आणि भर उन्हात गाडी आणखी तापते. तेव्हा गॅरेजात ‘तापते’ एवढंच सांगू नका. थांबल्यावर की वेगात, एसी चालू की बंद, पाणी किती घटलं, हे सांगा. आणि इंजिन पुरतं निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.