राजांच्या दाराबाहेरून

लंडनच्या राजेशाही खुणा दाखवणारी ही पायी फेरी कुठेच आत शिरत नाही. फाटकांवरून, कमानींखालून, पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून जाते. छत्री उंच धरलेला गाईड पुढे आणि दिंडीत चुकून सामील झाल्यासारखे रेंगाळणारे आम्ही मागे.

सुरुवात चेरिंग क्रॉसच्या घोडेस्वारापासून. हा पहिला चार्ल्स. १६३३ साली ओतलेला हा पुतळा इंग्लंडच्या यादवीनंतर मोडीत काढण्यासाठी एका तांबटाला विकला गेला. पठ्ठ्यानं तो लपवून ठेवला; वर त्याच्याच धातूच्या म्हणून वस्तू विकून चार पैसेही गाठीला बांधले म्हणे! १६७५ मध्ये राजा या चौकात उभा राहिला. लंडनपासूनची अंतरं आजही इथूनच मोजतात. मला मात्र त्या तांबटाचाही पुतळा हवा होता.

घोड्यावरच्या राजाची नजर व्हाइटहॉलकडे आहे, आणि तिथेच, बँक्वेटिंग हाउसबाहेर, ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचं डोकं उडवलं. थंडी कडाक्याची. कुडकुडलो तर लोक म्हणतील भ्याला, म्हणून त्यानं दोन सदरे चढवले होते. वधस्तंभाकडे जाताना डोक्यावर रूबेन्सनं रंगवलेलं छत होतं. त्यात त्याचा बाप, पहिला जेम्स, थेट स्वर्गात चाललेला. चित्रं करवून घेतली होती चार्ल्सनंच. समोरच्या हॉर्स गार्ड्सच्या घड्याळात दोनच्या आकड्यापाशी काळा डाग आहे. ती शिरच्छेदाची वेळ, असं सांगतात. गाईड हे सगळं इतक्या खुशीत सांगत होता, जणू घरच्याच कुणा इरसाल काकाची गोष्ट.

पुढे सेंट जेम्स राजवाड्यासमोर क्वीन्स चॅपल लागलं. साधीशी, फिकट भिंतींची वास्तू. दुसऱ्या चार्ल्सची पोर्तुगीज राणी, ब्रागांझाची कॅथरीन, इथे प्रार्थनेला यायची. १६६१ च्या करारात हिच्या हुंड्यात मुंबई आली. राजाला ती परवडेना, म्हणून १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. ज्यांची बेटं, त्या कोळ्यांना कुणी विचारलंच नाही.

मी मुंबईची, असं कळल्यावर गाईडचे डोळे चमकले. “आता तिथे दहा पौंडांत काय मिळतं?”

“वडापाव. या सगळ्या घोळक्याला पुरून उरतील एवढे.”

मग वडापाव म्हणजे काय, तो कसा करतात, आत चटणी कोणती, हे सांगता सांगता बकिंगहॅम राजवाडा आला. तिथल्या ७७५ खोल्यांची हकिगत माझ्यामुळे आणखी तिघांची ऐकायची राहिली.