एकास सत्त्याऐंशी

मॉडेल रेल्वेचं इंजिन विकत मिळतं, गाव मिळत नाही. जर्मनीतल्या ग्युटनबाखची फालर कंपनी १९४६ पासून चिमुकल्या इमारतींचे तयार संच बनवते. त्या खोक्यांतून लाकडी चौकटींची, उतरत्या छपरांची फार देखणी घरं निघतात. पण त्यांच्या शेजारून गोंदिया-जबलपूरची छोटी लाइन नेववत नाही. तिच्या कडेला कवेलूंची घरं हवीत, टिनाचं गोदाम हवं, राइस मिलचं धुरांडं हवं. ते सगळं पुठ्ठ्यातून स्वतःच कापून काढावं लागतं. गोंदियाला खेटून असलेल्या आमच्या कुडव्यात बसून मी तेच करतो.

मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात जग सत्त्याऐंशीपट लहान होतं. छोट्या लाइनची रुंदी ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागली की पावणेनऊ उरते, आणि एन गेजचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. ब्रॉडगेजची १६७६ मिलिमीटर रुंदी सव्वाएकोणीसवर येते, पण एचओचा रूळ साडेसोळाचाच. म्हणजे टेबलावर मोठ्या लाइनला अंग चोरावं लागतं आणि छोटी लाइन जवळपास आपल्या खऱ्या मापात उभी राहते. याचा मला मनापासून आनंद होतो.

सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरचं होतं. पत्र्याच्या दोन लाटांमधलं तीन इंचांचं अंतर एक मिलिमीटरही भरत नाही. त्यासाठी ॲल्युमिनियमची फॉइल बारीक आट्यांच्या बोल्टवर दाबून घासायची. पण जुनी इमारत खरी वाटते ती भिंतीच्या जाडीमुळे. दीड फुटाची भिंत सव्वापाच मिलिमीटर होते, म्हणून पुठ्ठ्याचे थर चढवून खिडकी आत खोल बसवावी लागते. एकाच पुठ्ठ्याची भिंत कितीही सुंदर रंगवा, नाटकातल्या पडद्यासारखी दिसते. मग रंग. आमच्याकडच्या पावसाने चुन्याच्या भिंतीवर वरून खाली काळे ओघळ येतात, जोत्याशी हिरवट ओल चढते. मिलच्या आवारात धानाच्या भुशाची पिवळट धूळ सगळ्यांवर बसलेली. ताजा रंग मी कधीच तसा सोडत नाही. पाणी किती वर्षं कुठून वाहिलं असेल, याचा विचार करत पातळ काळपट रंग पन्हळीखालून सोडतो.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. एचओ मापातलं अख्खं शहर तिथे आहे. मुलं गाड्यांमागे धावतात. माझा जीव घरांत अडकतो.

गोंदियाहून जबलपूरकडे छोटी लाइन १९०३ ते १९०५ या काळात गेली. पुढे टप्प्याटप्प्याने तिथे ब्रॉडगेज आली. नागपूर-नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. गाड्या वेगवान झाल्या, हे चांगलंच झालं. इंजिनांना नागपुरात मोतीबागच्या संग्रहालयात जागा मिळाली. फाटकवाल्याची खोली मात्र कोणी संग्रहालयात नेत नाही, आणि त्या माणसाचं सगळं आयुष्य तर तिथेच गेलेलं असतं. म्हणून उभं आहे तोवर टेपने मोजून घ्यावं, असं मला तळमळून वाटतं. पडलेल्या इमारतीचा फोटो असेल तर विटांचे थर मोजावेत. त्याच काळची एखादी वीट हाती लागली तर उंची बऱ्यापैकी कळते.

शेजारचे एक निवृत्त रेल्वे कामगार माझं स्टेशन वाकून बघत होते. प्लॅटफॉर्म, पिवळी पाटी, वाळूच्या लाल बादल्या, सगळं बघितलं. मग म्हणाले, “माठ कुठी आहे, भाऊ? मास्तरच्या खोलीबाहेर राहत होता ना.” कोणत्याही नकाशात तो माठ नव्हता. मातीचा एक ठिपका, खाली काडीची तिवई. तो ठेवला तेव्हा कुठे स्टेशनला तहान लागणारी माणसं आहेत असं वाटलं.

अडतं ते मागच्या बाजूंशी. फोटो सगळे समोरून काढलेले असतात. क्वार्टरची मोरी, स्वयंपाकघराचं धुरांडं, मागचं अंगण यांचे फोटो सापडत नाहीत. कोणाच्या घरी छोट्या लाइनच्या काळातले लग्नाचे, बदलीच्या निरोपाचे फोटो असतील, तर माणसांच्या मागे कोणती भिंत आहे तेवढं बघा. दिसली तर मला कळवा. मी सगळं काम सोडून बघायला येईन.