शेंदूर

इतिहासाच्या पुस्तकातील ग्रीक मूर्ती पाहून वाटे, शिल्प असावे तर असे: शुभ्र, निर्मळ. आमच्या रांजणगावचा महागणपती मात्र शेंदुराने माखलेला. मित्रांना देवळात नेताना मला त्याची थोडी लाजच वाटे.

पुढे वाचनात आले की, त्या ग्रीक मूर्तीही रंगवलेल्याच होत्या. व्हिन्झेंझ ब्रिंकमान व सहकाऱ्यांनी संगमरवरावर तिरपा आणि अतिनील प्रकाश टाकून झिजेतले फरक टिपले, उरलेले रंगकण तपासले. त्यावरून रंगवलेल्या प्रतिकृती २००३ साली म्युनिकमध्ये मांडल्या. एजिना बेटावरच्या धनुर्धाऱ्याच्या तंग विजारीवर चक्क रंगीत शंकरपाळ्यांची नक्षी! आपल्या वेरूळचे कैलास लेणेही एकेकाळी गिलावा करून रंगवलेले होते; त्याला 'रंगमहाल' म्हणत.

आजीला हे सांगितले. ती म्हणाली, "रंगाबिगर देव असतो व्हय? त्यांच्या देवाला लावायला कुणी उरलं नसंल, म्हणून गेला."

परवा गाभाऱ्यासमोर उभा राहिलो. शेंदराखालचा दगड मी कधी पाहिलेला नाही. पण आता त्याची हुरहूर वाटली नाही. ग्रीकांच्या देवांचा रंग शोधावा लागतो. आमच्या देवाचा अजून ओला आहे.